एका पायाचा श्लेष

जून २००८ मध्ये न्यू जर्सीहून माझ्या आतेभावाचा एक मेल आला. चाळीसेक नातेवाइकांना एकदम पाठवलेला. 'द लव्ह गुरू' नावाचा हॉलिवूडचा विनोदी चित्रपट येतो आहे, त्यात आपल्या आश्रमांची आणि गुरुपरंपरेची टिंगल केली आहे, तेव्हा कुणीही तो बघू नये आणि सोबतच्या निवेदनावर सही करावी, असा मजकूर. अमेरिकेत नेवाडातल्या राजन झेद यांनी चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच, नुसत्या जाहिरातीवरून, बहिष्काराची हाक दिली होती. ती हाक या मेलमधून त्या मेलमध्ये सरकत बंगळुरूला माझ्यापर्यंत पोचली होती.

मी सही केली नाही. एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी त्या चाळीसही जणांना जाईल असं उत्तर लिहिलं, अकराशे शब्दांचं. तौलनिक साहित्यात एम. ए. करून मला फार दिवस झाले नव्हते आणि माणसाला अकराशे शब्द लिहिण्याची खुमखुमी त्या वयात असतेच. आपण बुवांना हसत आलोय आणि ते आपल्या परंपरेतच बसतं, असं मी ठणकावलं. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांमध्ये कुणाकुणाची सोंगं घेतली ते आठवा, म्हटलं. अत्र्यांनी 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली लिहिलं, सूर्यनमस्कारांनी सगळे रोग बरे होतात म्हणणाऱ्या रावबहादुरांची त्यात भर रंगमंचावर रेवडी उडवली, आणि समोर बसलेले रावबहादूरच सगळ्यात मोठ्यानं हसले असतील. 'बुवा तेथे बाया' हे नावच बघा. 'असा मी असामी'तले गुरुदेव आपण तोंडपाठ म्हणतो ना? मग परक्यानं तेच केलं की दुखायला का लागतं? असं बरंच काही. शेवटी मी लिहिलं होतं, 'दादा, ज्याची श्रद्धा एका विनोदानं मोडते त्यानं आधी श्रद्धा तपासावी.' हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

चित्रपट मी पाहिलेला नव्हता.

तो पाहिला पावसाळा संपता संपता. मॅजेस्टिकजवळच्या नॅशनल मार्केटमध्ये तेव्हा जगातला कुठलाही चित्रपट चकतीवर मिळायचा, कसा मिळायचा ते विचारायचं नाही. बसवनगुडीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही पाच जण जमलो. एक कन्नड मुद्रितशोधक, एक तमिळ, एक मल्याळी, एक बंगाली आणि मी. सगळे पुस्तकं वाचणारे, सगळे वात्रट. आणि सगळे मनातून माझ्या बाजूचे, कारण प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी असाच मेल पाठवणारा होताच. मी 'ऑस्टिन पॉवर्स'ची जुनी चाहती. माइक मायर्सचा तो वेड्यावाकड्या दातांचा गुप्तहेर मी हॉस्टेलमध्ये चार वेळा पाहिला होता. म्हणजे बैठक जुळवायला जे जे लागतं ते सगळं होतं.

दीड तासापेक्षा कमी लांबीचा चित्रपट. पहिल्या वीस मिनिटांत थोडंफार हसू आलं, मग कुणीतरी फोन बघू लागलं, मल्याळी मित्र चहा टाकायला उठला तो परत आलाच नाही, आणि शेवटी बर्फाच्या मैदानावर हत्तींचा समागम सुरू झाला तेव्हा खोलीत मुकाट शांतता होती. नावं सरकू लागल्यावर आमच्या कन्नड मित्रानं एकच शब्द उच्चारला. 'इष्टेना?' इतकंच?

मला त्या 'इष्टेना'चं उत्तर तेव्हा देता आलं नाही. आज द्यावंसं वाटतं, आणि ते एकट्या त्या चित्रपटापुरतं नाही.

कथा अशी आहे. पिटका नावाचा अमेरिकी माणूस भारतातल्या आश्रमात वाढतो, मोठेपणी अमेरिकेत जाऊन प्रेमाचे सल्ले विकतो. त्याचं दुःख एवढंच, की बाजारात पहिला नंबर दीपक चोप्रांचा आहे. टोरोंटोच्या आइस हॉकी संघातल्या एका खेळाडूची बायको प्रतिस्पर्धी खेळाडूकडे निघून गेलीय. त्या दोघांना पुन्हा एकत्र आणलं तर पिटकाला ओप्राच्या कार्यक्रमात जायला मिळेल. बाकी सगळं लघवी, लिंग आणि बुटक्या माणसाची उंची या तीन गोष्टींभोवती फिरतं. शिष्य लघवीत भिजवलेल्या पोछ्यांनी मारामारी शिकतात. गुरूच्या कमरेला लोखंडी ब्रह्मचर्यपट्टा आहे आणि तो वेळोवेळी ठणकतो. सुमारे सहा कोटी वीस लाख डॉलर खर्च करून केलेल्या या उद्योगानं जगभरातून चार कोटींच्या आसपास कमावले आणि पुढच्या वर्षी वाईट चित्रपटांना मिळणारी गोल्डन रास्पबेरी तीनदा पटकावली, चित्रपट, नट आणि पटकथा यांच्यासाठी.

चित्रपट पडला, विषय संपला, असं म्हणता येईल. मला तसं वाटत नाही, कारण तो पडला त्याचं कारण सगळे 'अश्लील' या एका शब्दात सांगून मोकळे झाले. माझा आतेभाऊही तेच म्हणत होता. अश्लीलतेशी माझं भांडण नाही. मी सोलापूरच्या आजोळची मुलगी. आमच्याकडे आजी जे बोलायची ते आज छापायचं तर संपादकांना फोन करावा लागेल. अर्धं मराठी, पाव कन्नड, पाव तेलुगू, आणि त्या तिन्ही भाषांमधले अवयव. शिमग्याला गल्लीत जी बोंब उठायची तीत मास्तरांपासून सावकारापर्यंत कुणी सुटायचं नाही. लग्नात व्याह्यांना घातलेल्या गाण्यांमध्ये बायका काय काय गायच्या ते पुरुषांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, असा रिवाज होता. हे सगळं अचकटविचकटच होतं. पण त्याला बुड होतं.

तर आता नावांकडे येते, कारण माझा धंदा शब्दांचा आहे आणि या चित्रपटाची बहुतेक मिजास नावांवर आहे. पिटकाच्या गुरूचं नाव टगिनमायपूधा. दुसऱ्या एका गुरूचं नाव सचाबिगनोबा. भारतातल्या त्या गावाचं नाव हॅरेनमाकीस्टर. इंग्रजी कानाला पहिल्या नावात स्वतःच्या अवयवाला ओढण्याची क्रिया ऐकू येते, दुसऱ्यात त्या अवयवाचा आकार, तिसऱ्यात पार्श्वभागावरचे केस. आपल्याकडचं अलंकारशास्त्र याला सभंग श्लेष म्हणेल. शब्द एका ठिकाणी तोडला की एक अर्थ, दुसऱ्या ठिकाणी तोडला की दुसरा. संस्कृत कवींनी या खेळावर सर्गच्या सर्ग उभे केलेत. पण श्लेषाची पहिली अट ही, की अर्थ दोन हवेत. न तोडलेल्या शब्दालाही स्वतःचा अर्थ हवा. टगिनमायपूधा न तोडता वाचा बघू. ना संस्कृत, ना हिंदी, ना पंजाबी, ना कुठल्याही भारतीय भाषेतलं काही. तो नुसता भारतासारखा वाटणारा आवाज आहे. श्लेष एका पायावर उभा आहे आणि दुसऱ्या पायाच्या जागी लाकूडही ठोकलेलं नाही.

हे मी वडाची साल पिंपळाला लावतेय असं वाटत असेल तर चित्रपटातलं अभिवादन बघा. आश्रमातले लोक हात जोडून 'नमस्ते' म्हणतात तसं इथे हात जोडून 'मरिश्का हारगिटे' म्हणतात. मरिश्का हारगिटे ही अमेरिकी टीव्हीवरची नावाजलेली नटी, वडील हंगेरीहून आलेले. तिचं नाव परकं वाटतं, म्हणून मंत्रासारखं वाटतं, म्हणून विनोदी. पुढे ती स्वतः पडद्यावर येते आणि तिला तिच्याच नावानं नमस्कार केला जातो. सगळ्या चित्रपटात हा एकच विनोद मला क्षणभर आवडला होता. मग लक्षात आलं, की यात हंगेरियन आणि संस्कृत एकाच पोत्यात घातलेत. पोत्यावर चिठ्ठी आहे, 'आमचं नसलेलं'. माझा आतेभाऊ म्हणत होता की त्यांनी आपली टिंगल केली. टिंगल करायला समोरचा माहीत असावा लागतो. इथे टिंगलीच्या जागी आपण होतोच कुठे?

आता दादा कोंडके. नाव काढलं की मराठी साहित्यिक मंडळी एकतर नाक मुरडतात किंवा, अलीकडे, डोळे पाणावून लोकपरंपरेबद्दल बोलू लागतात. मला दोन्हीचा कंटाळा आहे. पण या प्रश्नावर त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' हे १९७८ च्या चित्रपटाचं नाव. यातला सरळ अर्थ संपूर्ण शाबूत आहे. लहान मुलाला खेळवताना कुणीही म्हणेल असं वाक्य. दुसरा अर्थ वाक्यात नाही, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे, आणि तो तिथे आहे हे ऐकणाऱ्याला कबूल करावं लागतं. सेन्सॉरच्या माणसानं हरकत घ्यायची तर आधी 'मला तसं ऐकू आलं' असं म्हणायचं. म्हणजे चोर तोच. हिंदीत गेल्यावर १९८६ मध्ये अंधाऱ्या रात्री दिवा कुणाच्या हातात आहे यावरून त्यांनी जे नाव ठेवलं, त्यातही हीच युक्ती होती. दिवा दिवाच आहे. तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही सांगा.

आणि म्हणूनच दादांचा नायक भोळा लागतो. १९७१ च्या 'सोंगाड्या'तला नाम्या असो की पुढचे हवालदार आणि गंगाराम, ढगळ चड्डीची नाडी लोंबतेय आणि चेहऱ्यावर भाबडा प्रश्न. त्याला दुसरा अर्थ माहीतच नाही. माहीत आहे आपल्याला. तो बोलतो आणि लाजतो प्रेक्षक. माइक मायर्सचा पिटका प्रत्येक विनोदानंतर स्वतःच खुदकन हसतो आणि आपल्याकडे बघतो. कळला ना? कळला. सांगून झाल्यावर हसणाऱ्या माणसाबरोबर हसायला आपल्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

दादांची मी भक्त नाही हेही सांगून टाकते. त्यांच्या हिंदी चित्रपटांमध्ये नावानंतर सांगण्यासारखं थोडंच उरतं. बाईच्या अंगावरून जाणाऱ्या विनोदांचा हिशेब कुणीतरी करायला हवा, तो भोळेपणाच्या नावाखाली माफ होत नाही. पण वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये १९६५ पासून त्यांनी जो हवालदार केला, त्यात द्वयर्थी बोलणं कुणाविरुद्ध वापरायचं हे पक्कं होतं. राजा मूर्ख, प्रधान लबाड, कोतवाल लाचखाऊ, आणि त्यांच्याबद्दल खालच्या माणसानं जे उघड बोलायचं नाही ते आडून बोलायचं. तमाशातली बतावणी शतकभर हेच करत आली. दुसरा अर्थ ही लपायची जागा आहे. पहिल्या अर्थाच्या आड उभं राहून दगड मारता येतो. ज्याला लपायची गरज नाही, सहा कोटी डॉलर ज्याच्या खिशात आहेत, त्याचा दुसरा अर्थ कशासाठी आहे?

बंगळुरूत राहून कन्नड उदाहरण न देणं म्हणजे यजमानाच्या घरी जेवून न बोलता निघून जाणं. काशीनाथ यांनी १९८४ मध्ये 'अनुभव' नावाचा कन्नड चित्रपट केला. नवऱ्याच्या शारीरिक उतावीळपणावर बेतलेला, आणि चावटपणासाठी गाजलेला. मराठी वाचकाला 'अनुभव' हे साधं नाव वाटेल. कन्नड कानाला त्यात बाराव्या शतकातला बसवण्णांचा अनुभव मंटप ऐकू येतो, शरणांनी आध्यात्मिक अनुभवाची देवाणघेवाण केली ती सभा. आठशे वर्षांचं अंतर एका शब्दात आणि मध्ये एक बिछाना. काशीनाथच्या मनात हे होतं का, याच्याशी मला कर्तव्य नाही. भाषेच्या मनात होतं. दोन्ही पाय जमिनीवर असले की भाषा असलं काहीतरी आपोआप करून जाते.

आता मला खरंच चीड कशाची आली ते सांगते. या चित्रपटात एक चांगली कल्पना होती आणि ती त्यांनी टाकून दिली. पिटका प्रत्येक सुविचाराची आद्याक्षरं करतो आणि शेवटी ट्रेडमार्कची खूण जोडतो. बस, यात सगळं होतं! महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीचं इंग्रजी लघुरूप टीएम. ट्रेडमार्कचंही टीएम. आणि त्या पद्धतीचं नाव खरोखरच नोंदवलेलं व्यापारचिन्ह आहे. १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला येऊन राहिले तेव्हापासून मोक्षाचा जो निर्यात-व्यवसाय उभा राहिला, त्याची सगळी कथा या दोन अक्षरांत बसते. महर्षी वारले फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे हा चित्रपट लागायच्या चार महिने आधी. अत्र्यांना ही दोन अक्षरं मिळाली असती तर तीन अंक झाले असते. सबनीसांनी रात्रभराचा वग लिहिला असता. पिटकाच्या शिष्याचं नाव तर रजनीश ठेवलेलं! कोरेगाव पार्कच्या फाटकाशी उभं राहून १९७४ पासूनचं पुणं ज्यानं पाहिलं असेल, त्या कुठल्याही रिक्षावाल्याकडे या चित्रपटापेक्षा जास्त विनोद निघतील. पण ट्रेडमार्कची खूण चमकते, पिटका खुदकन हसतो, आणि आपण परत लघवीकडे.

आणखी एक. ज्यांच्या धंद्याचं हे विडंबन, त्या दीपक चोप्रांनी चित्रपटाची जाहीर बाजू घेतली. मायर्स त्यांचा मित्र. ही उदारता आहे असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं, आणि मीही माझ्या एका मेलमध्ये आतेभावाला तो दाखला दिला होता. आता वाटतं, विडंबनाच्या दृष्टीनं याहून वाईट प्रमाणपत्र नाही. अत्र्यांचं नाटक बघून रावबहादूर हसले असतील तर घरी गेल्यावर आरशासमोर त्यांना थोडं अवघड झालं असेल. इथे गुरू, गुरूचं सोंग घेणारा नट आणि ओप्राची खुर्ची, तिघं एकाच दिवाणखान्यातले. अवघड व्हायचं ते आपल्याला.

बेन किंग्जलेबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं. पण टगिनमायपूधा म्हणजे तोच, डोळे तिरळे करून बसलेला. शाळेत आम्हाला दोन ऑक्टोबरला 'गांधी' दाखवायचे. १९८२ चा तो चित्रपट, आठ ऑस्कर, त्यातलं एक कोल्हापूरच्या भानू अथैयांना वेशभूषेसाठी, आणि कस्तुरबा आपल्या रोहिणी हट्टंगडी. आमच्या बाई दरवर्षी सांगायच्या, 'बघा, परक्या माणसानं चरखा शिकून घेतला.' वडिलांच्या बाजूनं तो गुजराती, जन्मनाव कृष्ण भानजी, हे बाईंना माहीत नव्हतं. नटानं कुठलीही भूमिका करावी, तिरळे डोळेही करावेत. गणपतराव जोशींपासून निळू फुल्यांपर्यंत मोठ्या नटांनी लाज बाजूला ठेवूनच कामं केली. पण चरखा शिकायला घेतलेले कष्ट आणि टगिनमायपूधासाठी घेतलेले कष्ट यांच्यातलं अंतर मला त्या रात्री मोजता येईना. पंचवीस वर्षांत भारत नावाच्या गोष्टीबद्दल त्या गावाला जे कुतूहल होतं ते एवढं आटलं असेल, तर त्याचं दुःख मला विनोदापेक्षा जास्त झालं. असो.

आता कुणी म्हणेल, आणि माझे इथले मित्र म्हणतातच, 'बाई, तो एक फालतू पिक्चर होता. डोकं बाजूला ठेवून बघायचा.' हे वाक्य मला निषेधाच्या मेलइतकंच खुपतं. डोकं बाजूला ठेवून हसता येतं ही समजूत कुठून आली? विनोद कळायला जितकं डोकं लागतं तितकं शोकांतिकेला लागत नाही. शोकांतिका चुकीच्या भाषेतही रडवते. गेली अठरा वर्षं मी कन्नडमधून मराठीत पुस्तकं आणतेय. मरणाची पानं दिवसाला सहा होतात. एका कन्नड म्हातारीनं सुनेला मारलेल्या टोमण्यावर मी एकदा नऊ दिवस काढले, आणि दहाव्या दिवशी आजीचा आवाज कानात आला म्हणून सुटले.

आणि या देशात विनोद फालतू नाही, तो महाग आहे. बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारले गेले. धारवाडला एम. एम. कलबुर्गी ३० ऑगस्ट २०१५ ला, आणि माझ्या याच शहरात गौरी लंकेश ५ सप्टेंबर २०१७ ला. हे तिघं विनोदकार नव्हते, पण ज्या जागेवरून बुवाला प्रश्न विचारता येतो, ती जागा त्यांच्यामुळे मोकळी होती आणि विनोद तिथेच उभा राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुनव्वर फारुकीचा बंगळुरूतला कार्यक्रम कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन पोलिसांनी आयोजकांना रद्द करायला सांगितला. मी तिकीट काढलं होतं. त्याचे सगळेच विनोद मला आवडतात असं नाही. पण त्या संध्याकाळी घरी बसून मला २००८ चं माझं उत्तर आठवलं आणि कसंसंच झालं. विनोदाच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे जेवढा दारूगोळा होता, एकनाथ, अत्रे, पु. ल., तो सगळा मी एका लघवीच्या पोछ्यासाठी उडवला होता. चाळीस नातेवाइकांपैकी काहींनी तो चित्रपट पुढे पाहिला असणार. त्यांनी मनात म्हटलं असणार, हिच्या परंपरेत हे बसतं तर!

हॉलिवूडवर माझा राग आहे तो असा. आपल्या इथे गुरूला हसण्याची किंमत माणसं मोजतात. त्यांना मोजायची नव्हती. पूर्ण सुरक्षित, श्रीमंत, जगभर पोचणारा माणूस ज्या खुर्चीत बसला होता तिथून तो काहीही म्हणू शकला असता. तो 'पूधा' म्हणाला.

गेल्या वर्षी अनुवादाच्या एका कार्यशाळेत मी ही नावं फळ्यावर लिहिली. अकरा जण होते, कन्नड, तमिळ, मल्याळम, कोंकणी, दखनी बोलणारे. म्हटलं, आपापल्या भाषेत आणा. अर्ध्या तासानं सगळ्यांचं उत्तर सारखंच निघालं, आणण्यासारखं यात काही नाही, अवयवाचं नाव काय ते सांगा, लावून देतो. मग मी म्हटलं, बरं, तुम्ही एक गुरू करा. दोन पायांचा. शिवाजीनगरहून आलेली दखनी बोलणारी एक मुलगी, सकाळपासून गप्प होती, ती म्हणाली, 'नक्को बाबा.' मला वाटलं नाही म्हणतेय. ती म्हणाली, नाही बाई, तेच नाव आहे. नक्को बाबा. दक्षिणा समोर धरली की ते 'नक्को, नक्को' म्हणतात, आणि मागे शिष्य पिशवी उघडून उभा असतो. वर्ग फुटला. आणि मी तिथल्या तिथे मनात मराठी करून पाहिलं. एक काना-मात्रा हलवावी लागत नाही. 'नको बाबा!' आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. तो बाबा इतकी वर्षं आपल्या बोलण्यात बसून होता, तिला तो दिसला.

या जानेवारीत आतेभाऊ बंगळुरूला आला होता. आत्या गेल्यापासून तो वर्षाआड येतो, कनकपुरा रस्त्याकडे एका आश्रमात दहा दिवस राहतो आणि जाताना माझ्याकडे दोन दिवस. मी त्याला रिक्षानं आणायला गेले होते. साउथ एंड सर्कलपाशी अडकलो होतो. मी विचारलं, 'दादा, तो लव्ह गुरू शेवटी तू पाहिलास का रे?'

'कोण? छे! बघू नका असं सांगणारा मी, मीच कसा बघेन? तू एवढं लांबलचक पत्र लिहिलं होतंस म्हणून तेवढं लक्षात आहे. तू तर बघूनच लिहिलं असशील.'

मी खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यात एका मोटारसायकलवाल्या पोरानं आमच्या रिक्षाच्या नाकासमोरून गाडी घातली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, मान बाहेर काढली आणि अगदी शांतपणे विचारलं, 'एन गुरू, मनेल हेळि बंदिद्या?' इथे गुरू म्हणजे कुणीही. भाजीवाला, शिपाई, आडवा आलेला पोरगा, या शहरात सगळेच गुरू.

'काय म्हणाला तो?' आतेभावानं विचारलं. 'गुरू म्हणाला ना त्याला?'

'म्हणाला, काय गुरू, घरी सांगून आलायस का?'

दादा हसायला लागला. पुण्यात कॉलेजला असताना लक्ष्मी रस्त्यावर त्यानं हे वाक्य किती वेळा ऐकलं होतं. हसता हसता त्याला ठसका लागला. ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडे पाहिलं, आणि सिग्नल सुटला.